धुरपदावहिनींचं पान

डिंडोलीतल्या आमच्या नाक्यावर ‘मधुवन भोजनालय’ आहे. तिथल्या भिंतीवर मेनू रंगवलेला आहे. त्यात काठियावाडी, पंजाबी, चायनीज आणि (अक्षरं जरा पुसट झालेली) मेक्सिकन असे चार प्रांत आहेत. आपण यातलं काहीही मागितलं तरी मालक भूपेंद्र गल्ल्यावरून छताकडे बघतो, जणू वरून परवानगी यायची आहे, आणि म्हणतो, “त्यापेक्षा शेवभाजी घ्या ना, आत्ताच उतरवलीय.” आत्ताच उतरवली हे खरं असावं. चढवली कधी होती, हे कुणी विचारत नाही. भूपेंद्रचे आजोबा अमळनेरकडून सुरतेला आले, त्यामुळे तो ‘या’ गुजरातीत म्हणतो आणि ‘नाही’ मराठीत.

पण स्वस्त, तिखट आणि ओळखीच्या माणसाने वाढलेलं जेवण परमुलुखात मिळणं ही लहान गोष्ट नाही. मी दर रविवारी दुपारी तिथेच जेवतो. उज्ज्वलाला, म्हणजे माझ्या बायकोला, तिथल्या तेलाचा वास सोसत नाही. ती घरी स्वतःपुरती खिचडी टाकते, आणि मी तिला रविवारी स्वयंपाकातून सुटी दिली आहे असं लोकांना सांगतो.

तर या मधुवनात चार माणसांनी बसून जेवायचं, एवढाच माझा बेत होता. चार माणसं, एक टेबल. याच्यापेक्षा लहान बेत मराठी माणसाला करता येत नाही.

कडोदऱ्याच्या एका प्रोसेसिंग मिलमध्ये मी फोल्डिंग खात्याचा सुपरवायझर आहे. कापड रंगून सुकून आलं की त्याच्या घड्या घालून ताके, म्हणजे तागे, बांधायचे, हे खात्याचं काम. घड्या बरोबर पडल्या का ते बघायचं, हे माझं. त्या घड्या घालण्यात ज्यांची हयात गेली ते उखाभाऊ महाजन या महिन्यात निवृत्त होत होते. आमच्याकडे ऑफिसातला माणूस निवृत्त झाला तर त्याला घड्याळ देतात. खात्यातला माणूस निवृत्त झाला तर तो गेटवर ओळखपत्र परत देतो. देणंघेणं दोन्ही व्हावं असा मिलचा नियम आहे. फक्त माणसं वेगवेगळी.

हे मला बरं वाटेना. चहाच्या वेळी मी म्हटलं, “उखाभाऊ, मिल देवो न देवो, मी तुम्हाला जेवण देणार. मधुवनात.”

उखाभाऊंनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि आमच्या अहिराणीत म्हणाले, “आप्पा, मले नका देऊ. मी काय, कोठेबी खाई लिसू. पन धुरपदाले एकदाव हाटेलमा बसाडीसनी जेवाडनं शे.”

धुरपदाबाई म्हणजे उखाभाऊंच्या पत्नी. त्यांनी आयुष्यभर घरात मेस चालवली. खान्देशातून लूमवर कामाला आलेली एकटी पोरं त्यांच्याकडे दोन वेळा जेवायची. पाळी सुटली की पंगत, पुढची पाळी सुटली की पुढची पंगत. निम्म्या डिंडोलीने त्यांच्या हातचं खाल्लंय. पण त्यांनी बसावं आणि दुसऱ्या कुणी गरम पोळी त्यांच्या पानात टाकावी, हे सुरतेत एकदाही झालेलं नव्हतं. आता मेस बंद झाली होती, भांडी विकून झाली होती, आणि मंगळवारच्या गाडीने दोघं शिंदखेड्याकडच्या गावी कायमची जाणार होती. हातात एकच रविवार होता.

“झालं तर मग,” मी म्हटलं. “मी, उज्ज्वला, तुम्ही आणि वहिनी. रविवारी दुपारी.”

उज्ज्वलाला सांगितलं, तेव्हा तिने तेलाच्या वासाचा उल्लेखसुद्धा केला नाही. “त्यांच्यासाठी येईन,” म्हणाली. “पण अहो, कुणाला सांगत बसू नका.”

मी फक्त आनंदरावांना सांगितलं.

आनंदराव आमच्या शेजारी राहतात. मूळचे नांदेडकडचे. फ्लेक्स छापण्याचा धंदा करतात, त्यामुळे जगात कुठेही काहीही घडलं की त्याचा फ्लेक्स कसा दिसेल हे त्यांना आधी दिसतं. त्यांनी माझा बेत ऐकला आणि चेहरा असा केला की जणू मी उखाभाऊंना रेल्वे फाटकावर उभं करून वडापाव देणार आहे.

“योगेंद्रराव, राग नका मानू, पण माणसानं उभं आयुष्य घातलं मिलमध्ये, अन् तुम्ही चौघं गुपचूप बसून शेवभाजी खाणार? ह्याला निरोप म्हणतेत? शाल पाहिजे, श्रीफळ पाहिजे, दोन माणसं पाहिजेत टाळ्या वाजवाया. फ्लेक्स माझ्याकडून.”

आता शाल-श्रीफळ या जोडशब्दात काय ताकद आहे कोण जाणे. तो एकदा कानावर पडला की मध्यमवर्गीय माणसाला त्याच्याशिवायचं सगळं कोतं वाटायला लागतं. मी रिंग रोडला जाऊन शाल आणली. चांगली लोकरीची, काठाला जर असलेली. सुरतेत मे महिन्यात लोकरीची शाल विकत घेताना दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, तो माझा पहिला अपमान होता. पुढचे मोजायचं मी सोडून दिलं.

टाळ्या वाजवायला माणसं, म्हणजे खात्यातली माणसं. रविवारी आमच्याकडे अर्धी पाळी चालू असते. त्यांना दुपारी सोडायचं तर गेट पास हवा, आणि गेट पास हवा तर चेतनभाई हवेत. चेतनभाई आमचे मॅनेजर. त्यांच्याकडे कुठलीही परवानगी मागितली की ते ती देत नाहीत आणि नाकारतही नाहीत. ती ते वर पाठवतात. वर म्हणजे शेठ. मला फक्त माणसं दोन तास सोडून हवी होती. चेतनभाई म्हणाले, “ए तो शेठने पूछवू पडे.” आणि त्यांनी विचारलं. शेठ कुठल्याशा चांगल्या तंद्रीत असावेत. चेतनभाई धावत खाली आले आणि सगळ्या खात्यासमोर माझा हात हातात घेऊन म्हणाले, “योगेंद्रभाई, शेठ पोते आवशे!” शेठ स्वतः येणार!

खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत शेठना माझं नाव ठाऊक आहे की नाही याची मला खात्री नव्हती; ते मला ‘ओ फोल्डिंग’ अशी हाक मारत. आता ते माझ्या पंगतीला येणार होते. मी घरी येऊन उज्ज्वलाला सांगितलं. ती कांदा चिरत होती. चिरायची थांबून म्हणाली, “म्हणजे आता धुरपदावहिनी कुठे बसणार?”

मी म्हटलं, तू प्रत्येक गोष्टीत खुसपट काढतेस.

भूपेंद्रला सांगितलं तर तो गल्ल्यावरून उठून उभा राहिला. भूपेंद्र उभा राहिलेला मी प्रथमच पाहिला. माणूस बराच बुटका निघाला. “शेठ आवे छे? आपल्याकडे?” मग त्याने छताकडे बघितलं आणि या वेळी वरून खरोखरच काहीतरी आलं. “शेवभाजी नाही चालणार. कांदालसूण शेठ खात नाहीत. पनीर करू. गोड दाळ करू. मोहनथाळ.”

“अरे, पण ज्यांचं जेवण आहे ते उखाभाऊ...”

“उखाभाऊ काय पण खातात,” भूपेंद्र मराठीत म्हणाला. त्याचं मराठी आलं की विषय संपला हे मला ठाऊक होतं.

शुक्रवारी फ्लेक्स आला. त्यात शेठ डावीकडे कमरेपर्यंत होते. उजवीकडे मी, पासपोर्टच्या फोटोतला, त्यामुळे पोलिसांना हवा असल्यासारखा. खाली आनंदरावांच्या दुकानाचं नाव आणि नंबर. आणि अगदी कोपऱ्यात, डाळिंबाएवढे, उखाभाऊ. त्यांचा सुटा फोटो कुणाकडेच नव्हता. मिलमधल्या विश्वकर्मा पूजेच्या फोटोतून त्यांना कापून काढलं होतं, आणि कापताना त्यांच्या खांद्यावरचा शेजाऱ्याचा हात तसाच राहिला होता. कोपऱ्यातून उखाभाऊ बघताहेत आणि कुठूनसा आलेला एक हात त्यांना धरून आहे, असं ते चित्र होतं. खात्यातल्या लोकांनी उरलेला दिवस तो हात कुणाचा यावर वाद घालण्यात घालवला. मी आनंदरावांना बोललो. ते म्हणाले, “असू द्या की. माणूस एकटा वाटत नाही.”

त्याच संध्याकाळी, जिथे हे सगळं व्हायचं होतं तो मधुवनाचा वरचा एसी हॉल सील झाला. वर जायला जिना एकच, आणि त्या जिन्यावर गॅसच्या टाक्या. आग लागली तर माणसं उतरणार कुठून, असा तपासणीला आलेल्यांचा प्रश्न होता, आणि तो अगदी रास्त होता. भूपेंद्रच्या मते आजवर आग लागलेली नाही हाच त्याचा परवाना होता. तो म्हणाला, “खाली करू. खाली पण पंखे आहेत.” खाली पंखे होते. फिरणारा त्यातला एकच होता, आणि तो गल्ल्यावर होता.

खाली टेबलं तेवढी नव्हती. मग असं ठरलं की शेठ आणि ऑफिसचे लोक समोरच्या दोन टेबलांवर बसतील, खात्यातले भिंतीकडेच्या बाकांवर, आणि बायका फॅमिली रूममध्ये. फॅमिली रूम म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराशी प्लायवूड लावून केलेला कोपरा. त्याला पडदा आहे. पडद्यावर बदकं आहेत. हे सगळं कुणी ठरवलं, असं मला नंतर उज्ज्वलाने विचारलं. मला आठवेना. अशा गोष्टी कुणी ठरवत नाही. ठरवताना सगळे हजर असतात, एवढंच.

रविवार उजाडला. उखाभाऊ पांढरं धोतर आणि नवी टोपी घालून आले. मागे धुरपदाबाई, हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. मधुवनाच्या पायरीशी त्यांनी चपला काढल्या. मी म्हटलं, “वहिनी, राहू द्या, इथे चपला घालून जातात.” त्या म्हणाल्या, “आठे जेवतस ना?” आणि अनवाणीच आत आल्या.

त्यांनी सगळीकडे नीट बघितलं. भिंतीवरचा मेनू, काचेतले पेढे, टेबलावरचे पाण्याचे जग. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मेनू त्यांनी वरपासून खालपर्यंत बघून घेतला, देवळात शिखर बघावं तसा. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “भाऊ, कोठे बसू?”

त्या क्षणी मी त्यांना समोरच्या टेबलावर बसवलं असतं तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण चेतनभाई माझ्या शेजारी उभे होते. मी बदकांकडे बोट दाखवलं.

उज्ज्वला त्यांच्याबरोबर आत गेली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचा अर्थ मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून कळतो.

शेठ एक वाजता येणार होते. एक वाजला. पान वाढायचं नाही, असा चेतनभाईंचा हुकूम होता. शेठ आले आणि लोक जेवताना दिसले तर ते बरं दिसत नाही. दोन वाजले. रविवारची नेहमीची गिऱ्हाईकं, लूमवरची पोरं, दाराशी येऊन परत जात होती. काही गेलीच नाहीत. समोरच्या पानाच्या टपरीपाशी उभी राहून आत भरलेली टेबलं आणि रिकामी ताटं बघत राहिली. हा काय प्रकार असावा, यावर त्यांच्यात चर्चा चालली असावी. आमच्यातही तीच चालू होती.

आत पनीर तयार होतं. वास येत होता. खात्यातला किसन, ज्याला साखरेचा त्रास आहे, काचेतल्या पेढ्यांकडे बघत घामाने निथळत होता. शेवटी मी त्याला गुपचूप पापड दिला. चेतनभाईंनी ते पाहिलं आणि मान हलवली. जणू मी मिलचा ताका पळवला होता.

उखाभाऊ तर बसलेच नव्हते. त्यांच्या हातात हार होता. चेतनभाईंनी त्यांना दाराशी उभं केलं होतं, शेठ उतरले की घालायला. मी म्हटलं, “अहो, हार यांना घालायचाय ना?” चेतनभाई म्हणाले, “पहेला शेठने, पछी एमने.” आधी शेठना, मग यांना. दुसरा हार आणलेला नव्हता. हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि उखाभाऊंना तर हातातल्या हाराकडे बघूनच कळलेलं होतं. पण ते ऊन येत होतं त्या बाजूने हारावर टोपीची सावली धरून उभे होते, फुलं कोमेजू नयेत म्हणून.

तीन वाजून गेल्यावर गाडी आली. शेठ उतरले, बरोबर दोन व्यापारी. ते चलथाणला कुणाकडे निघाले होते आणि जाताजाता इथे थांबले होते. उखाभाऊंनी हार घातला. शेठनी तो गळ्यातून काढून चेतनभाईंना दिला, चेतनभाईंनी मला, आणि मी तो घेऊन कार्यक्रमभर उभा राहिलो. कारण हार कुठे ठेवायचा हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सत्कार सुरू झाला. चेतनभाईंनी माईकशिवाय माईकसारखं भाषण केलं. माझी शाल ताटातून पुढे आली. “शेठश्री आपल्या अमूल्य वेळातून वेळ काढून...” असं म्हणत चेतनभाईंनी ती उलगडली आणि शेठच्या खांद्यावर घातली. मी पुढे झालो. तोंडही उघडलं. पण टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि टाळ्यांमध्ये ‘चुकलं’ असं ओरडायला जी छाती लागते ती माझ्याकडे नाही. शेठना मे महिन्यात लोकर टोचली असावी. त्यांनी खांदे उडवले, पण शाल काढली नाही. ताटात नारळ उरला. तो त्यांनी उखाभाऊंच्या हातात दिला. उखाभाऊंनी वाकून तो कपाळाला लावला.

शेठ पाच वाक्यं बोलले. “उखाभाई हमारे घर के आदमी हैं। घर का आदमी रिटायर होता है क्या? गाँव जाके क्या करेगा? चेतनभाई, इसको ठेकेदार में डाल दो। सोमवार से आ जाए।”

टाळ्यांचा कडकडाट झाला. ठेकेदारात, म्हणजे तेच काम, तीच घडी, तेच टेबल. हक्काची रजा नाही, फंड नाही, उद्या येऊ नकोस म्हटलं तर विचारायची सोय नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या निम्म्यांना हे नीट माहीत होतं, कारण ते आधीच ठेकेदारात होते. मीही वाजवल्या. हातात हार होता, म्हणून आवाज आला नाही.

शेठ जेवले नाहीत. त्यांनी उभ्याउभ्या अर्धा पेला ताक घेतलं, “मीठु ओछु छे,” म्हणजे मीठ कमी आहे, असं म्हणाले, आणि शाल अंगावर ठेवूनच गाडीत बसले.

आता पंगत सुटली. सुटली म्हणजे धरण सुटतं तशी. दोन तास उपाशी बसलेली माणसं, त्यात टपरीपाशी उभी असलेली लूमवरची पोरंही आत घुसली. फ्लेक्स आहे म्हणजे जेवण सगळ्यांना असणार, असा त्यांचा समज झाला, आणि त्यांना बाहेर काढायला कुणाला तोंड नव्हतं. मधुवनात वाढपी दोन. त्यातला एक गावाला गेलेला. दुसरा शेठच्या गाडीमागे हात जोडून नाक्यापर्यंत गेला होता, तो तिकडेच थांबला. लोक ताटं वाजवायला लागले. मी वळून बघतो तर उखाभाऊ! धोतराचा सोगा खोचलेला, एका हातात दाळीची बादली, दुसऱ्यात पळी.

मी धावलो. “उखाभाऊ, हे काय? तुम्ही बसा! तुमचं जेवण आहे!”

“जाऊ द्या आप्पा,” ते पळी बुडवत म्हणाले. “लोके भुक्या शेतस.” आणि पुढे सरकले. चांगलेच वाढत होते. सवय होती, घरच्या मेसमध्ये पाळी सुटल्यावर तेच वाढायचे.

निदान एक पान तरी, असं मनाशी म्हणत मी भूपेंद्रकडून पनीर, दाळ, मोहनथाळ असं भरलेलं ताट घेतलं आणि स्वतः फॅमिली रूमकडे गेलो. बदकं बाजूला सारली. आत उज्ज्वला एकटी बसली होती. पुढ्यात दोन रिकामी ताटं.

“वहिनी?”

तिने हनुवटीनेच स्वयंपाकघराचं दार दाखवलं. “मी अडवलं. तीनदा अडवलं.”

आत धूर होता. भूपेंद्रचा महाराज, म्हणजे आचारी, एका कोपऱ्यात ओट्याला टेकून बसला होता. सकाळपासून उपाशीपोटी भट्टीपुढे उभा राहून त्याला भोवळ आली होती, आणि धुरपदाबाईंनी त्याला गूळपाणी दिलं होतं. आणि त्याच्या जागी त्या होत्या. हिरव्या लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, कुंकू घामाने नाकापर्यंत ओघळलेलं, आणि लाटणं असं फिरत होतं की बघणाऱ्याला वाटावं, हात स्वस्थ आहेत आणि पोळपाट पळतोय.

“वहिनी, अहो, आज तुम्ही बसायचं होतं.”

त्यांनी वर बघितलंही नाही. “पोया काच्या ऱ्हाई ऱ्हायन्यात, भाऊ. लोकेस्नी पोटं दुखतीन.” मग तव्यावरची पोळी उलटून, माझ्या हातातलं ताट बघून म्हणाल्या, “ते कोनं शे? लई जा, बाहेर कोनले तरी लागी.”

मी ते ताट घेऊन बाहेर आलो. ते कुणाला दिलं, ते सांगत नाही. किसनच्या शेजारी जागा होती आणि मला सकाळपासून भूक लागलेली होती, एवढंच सांगतो.

सगळे जेवून गेल्यावर आम्ही चौघं एका टेबलाशी बसलो. उरलं होतं ते म्हणजे भात आणि दाळ. मोहनथाळाच्या ताटात चुरा होता. पैसे कुणी दिले हा विषय मी इथे काढत नाही. तो काढला की ही गोष्ट विनोदी राहत नाही. उज्ज्वला उठली, तिने पळी घेतली आणि धुरपदाबाईंना वाढायला लागली. तर त्या लगेच उभ्या राहिल्या.

“तुम्ही बठा ताई. मी वाढस.”

“नाही,” उज्ज्वला म्हणाली. “आज मी वाढणार.”

“उभ्या मानूसना समोर मन्हा घास उतरत नही,” धुरपदाबाई म्हणाल्या. उज्ज्वलाने पळी सोडली नाही. शेवटी दोघीही उभ्या राहिल्या, आणि उखाभाऊ व मी बसून जेवलो. मी दुसऱ्यांदा.

उखाभाऊंच्या पुढ्यात नारळ होता. त्याच्यावर हात ठेवून ते म्हणाले, “आप्पा, शेठ बोलना ते खरं शे ना? ठेकेदारनं?”

मला वाटलं होतं, ते दुखावले असतील. त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच काही होतं. गावी त्यांचं घर म्हणजे चुलतभावाच्या खळ्यातली एक खोली. तिथे जायला ते निघाले होते, कारण दुसरीकडे जायला नव्हतं. आता होतं.

“खरं आहे,” मी म्हटलं.

“मंग तिकीट परत करनं पडी,” ते म्हणाले, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसले.

धुरपदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी दाळीचं बोट जिभेला लावलं. “गोड शे,” एवढंच म्हणाल्या.

सोमवारी उखाभाऊ कामावर आले. त्याच टेबलावर, त्याच घड्या. गेटवर परत दिलेल्या ओळखपत्राच्या जागी ठेकेदाराचं पिवळं कार्ड. शेठ खात्यातून फेरी मारताना माझ्याकडे बघून थांबले, तेव्हा मला वाटलं आता नावाने हाक मारणार. ते म्हणाले, “ओ फोल्डिंग, वो शाल अच्छी थी।”

आनंदरावांच्या मते कार्यक्रम दणक्यात झाला. तो फ्लेक्स त्यांनी मधुवनाच्या मागच्या पत्र्यावर पावसासाठी टाकला, उलटा.

आणि भूपेंद्रने त्या दिवशी धुरपदाबाईंच्या पोळ्या खाल्लेल्या होत्या. भूपेंद्र बुटका असला तरी धंद्यात उंच माणूस आहे. आठवडा संपायच्या आत त्याने महाराजाला भाज्यांपुरता ठेवलं आणि पोळ्यांना धुरपदाबाईंना ठेवलं. मेसची भांडी विकलेली, नवऱ्याचं काम कधीही सुटणारं. त्यांनी दोन्ही वेळा यायचं कबूल केलं. भिंतीवर ‘मेक्सिकन’ होतं तिथे आता ‘गरम घरगुती पोळी’ रंगवलं आहे. गर्दी इतकी असते की रविवारी बाहेर उभं राहावं लागतं.

उज्ज्वला मधुवनाच्या पायरीवर पुन्हा चढली नाही. मी जातो. मी आल्याचं आत कळतं कसं, ठाऊक नाही, पण माझ्या पानात पडणारी पोळी नेहमी तव्यावरची असते आणि तिला तूप जास्त असतं. बदकांचा पडदा हलतो, एक हात ताटली बाहेर सरकवतो, आणि परत आत जातो.

मागच्या रविवारी मला राहवलं नाही. मी गल्ल्यापाशी जाऊन म्हटलं, “भूपेंद्र, एक दिवस त्यांना बाहेर बोलव. या टेबलावर बसव, आणि वाढ. मी थांबतो.”

भूपेंद्रने छताकडे बघितलं नाही. सरळ माझ्याकडे बघितलं, आणि मराठीत म्हणाला, “बसवतो की. मग पोळ्या कोण लाटेल?”

मागे रांग होती. माझ्या टेबलाजवळ एक जण उभा राहून माझं ताट रिकामं व्हायची वाट बघत होता. मी जाऊन बसलो आणि अजून एक पोळी मागवली.